चार वस्त्यांचं मागेपुढे

तेहतीस वर्षं मी लोकांची दारं वाजवली; शेवटची काही वर्षं दारं वाजवणाऱ्या बायकांना कामाला लावलं. एवढ्या काळात मला दोनदा कुत्रं चावलं, एकदा गाय मागे लागली, आणि भोसरीच्या एका आजींनी मी पाणीपट्टी मागायला आले असं समजून दारातूनच तांब्याभर पाणी अंगावर ओतलं. यांतल्या कुणावरही माझा राग नाही. माझा खरा वैरी एकच होता, दारावरचं कुलूप. कुत्र्याला बिस्कीट टाकता येतं, आजींची समजूत घालता येते, कुलपाशी मात्र काय बोलणार?

आमची संस्था चिंचवडला, टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. काम सर्वेक्षणाचं. कुणाला पाण्याची माहिती हवी, कुणाला शाळेची, कुणाला बसची. आम्ही घरोघर जाऊन विचारायचं, आकडे काढायचे आणि अहवाल द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात 'सर्व्हे' हा शब्द उच्चारला की लोकांना आधी जमीन आठवते. ताथवड्यात मी एकदा एका गृहस्थांना 'सर्व्हेसाठी आलेय' एवढंच म्हटलं, तर ते आत गेले आणि सातबारा घेऊन बाहेर आले. पाठोपाठ दोन भाऊ, एक चुलता आणि एक वकील हजर. मला फक्त घरात सायकली किती, ते विचारायचं होतं.

देहूरोडला याच्या उलट. तिथले एक निवृत्त काका प्रत्येक प्रश्नाला 'ते सांगता येणार नाही' म्हणायचे. आयुष्यभर जपून बोलण्याची सवय. घरात माणसं किती? सांगता येणार नाही. मुलं किती? तेही नाही. शेवटी आतून काकू ओरडल्या, "अगं बाई, दोन आहेत, लिही! आणि हे तिसरं!" त्या फॉर्मवर मी माणसं चार लिहिली आणि हसत हसत जिना उतरले.

आता धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सगळ्या घरांत जाणं कुणालाच परवडत नाही, म्हणून काही घरं निवडायची. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्याला ठाऊकच आहे. मात्र म्हणीत एक गोष्ट आलेली नाही, ती स्वयंपाक करणारीलाच कळते. शीत पळीने तळापासून वर काढून बघायचं. वरवरचं शीत बघितलं तर खाली लागलेला भात समजत नाही. म्हणून कोणत्या घरात जायचं ते आम्ही चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवतो, आणि मग त्याच घरात जायचं. हे दार बंद म्हणून शेजारचं दार, असं चालत नाही.

आणि एवढं करूनही आलेला आकडा हा अंदाजच असतो. म्हणून प्रामाणिक माणूस त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा लिहितो: खरी संख्या याहून इतकी कमी किंवा इतकी जास्त असू शकेल. सरकारी कागदात त्याला त्रुटिसीमा म्हणतात. आमच्याकडच्या मंगलला तो शब्द मुळीच आवडला नाही. "त्रुटी कसली? आमी काय चुका करायला हिंडतो व्हय उन्हातान्हात?" असं म्हणून तिने त्याला 'मागंफुडं' म्हणायला सुरुवात केली. बघता बघता ऑफिसात तेच रूढ झालं. कॉम्प्युटरपुढे बसणारे पदवीधरसुद्धा विचारायचे, "मॅडम, या वस्तीचं मागेपुढे किती धरू?"

मंगल चाकणजवळच्या जुन्या गावातली. गावाच्या चारी बाजूंनी कंपन्या उभ्या राहिल्या, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या, आणि मंगल त्या सगळ्यांच्या मधून घरच्या अंगणातून फिरावं तशी फिरायची. कुठल्या खोलीत लातूरचे, कुठे परभणीचे, कोणाची कितवी शिफ्ट, तिला तोंडपाठ. माझ्या हाताखाली पुष्कळ जणी येऊन गेल्या, तिच्यासारखी दुसरी मिळाली नाही. आणि माझ्या नोकरीतला सगळ्यांत मोठा घोटाळाही तिने आणि मी मिळूनच केला.

चाकणकडच्या चार वस्त्यांत पहिल्या शिफ्टसाठी पाळणाघर हवं, अशी तिथल्या कामगार बायकांची मागणी होती. साधं नव्हे, पहाटे साडेपाचला उघडणारं. पहिल्या शिफ्टची बस सहाला निघते आणि बालवाड्या उघडतात दहाला. मधल्या वेळात मूल ठेवायचं कुठे? काही कारखानदारांनी मिळून पाळणाघर बांधून द्यायची तयारी दाखवली. मात्र त्यांच्या साहेबांनी अट घातली: चारही वस्त्या मिळून निदान पासष्ट मुलं येतील याची खात्री हवी. नुसता अंदाज नको, अंदाजाचं खालचं टोक पासष्टच्या वर पाहिजे. हे आकडे मी गोष्टीपुरते सोपे करून सांगतेय. खरे आकडे वाकडेतिकडे होते, पण त्यांची चाल हीच.

फॉर्म भरून आले. चार वस्त्यांचे अंदाज मिळून नव्वद मुलं. प्रत्येक वस्तीचं मागेपुढे बारा. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब मूळचे बांधकामातले इंजिनिअर, सरळ आणि कडक. त्यांनी खिशातलं पेन काढलं, बारा चोक अठ्ठेचाळीस केले, नव्वदातून वजा केले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बेचाळीस. पासष्ट पाहिजेत. सॉरी, मॅडम."

"साहेब, मागेपुढे असं सरळ मिळवत नाहीत," मी म्हटलं.

"बेरीज वेगळी असते का तुमच्याकडे?"

"तुमच्याकडेही असते. गवंडी भिंतीचा कोपरा कसा तपासतो?"

ते जरा दुखावलेच. "तीन, चार, पाच. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, दोन्ही खुणांमधली दोरी पाच भरली की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. हे काय मला विचारता?"

"तीन आणि चार सात होतात. मग दोरी सात का भरत नाही?"

"कारण दोन्ही भिंती एका दिशेला जात नाहीत." एवढं बोलून साहेब थांबले, आणि माझ्याकडे बघायला लागले.

"आमच्या चुकाही एका दिशेला जात नाहीत," मी म्हटलं. "एका वस्तीत आम्ही जास्त धरलं असेल, तर दुसरीत कमी धरलं असेल. चारही ठिकाणी एकाच वेळी, एकाच बाजूला, पुरे बाराने चुकू, असं फार क्वचित होईल. एका वस्तीच्या चुकीला दुसरीची चूक माहीतच नसते. म्हणून ती बेरीज दोरीसारखी करायची. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, असे चार मिळून पाचशे शहात्तर, त्याचं वर्गमूळ चोवीस. नव्वदातून चोवीस गेले, सहासष्ट."

पासष्टला एक वर! साहेबांनी कपाटातून टेप काढला आणि स्वतःच्या केबिनचा कोपरा मोजला. दोरी पाचला बोटभर कमी भरली. "कंत्राटदाराला बघतो," एवढंच ते म्हणाले, पण माझा कागद त्यांनी ठेवून घेतला. अंतिम अहवाल दहा दिवसांत द्यायचा ठरला. निघताना मी ऐटीत म्हटलं, "मात्र साहेब, भिंती खरोखर काटकोनात असल्या तरच हं! चुका एकमेकींपासून सुट्या पाहिजेत. हातात हात घालून चालल्या, तर बेरीज पुन्हा सरळच करावी लागते." माणसाने इतकं शहाण्यासारखं बोलू नये, लगेच परीक्षा होते.

कारण चारच दिवसांनी माझ्या टेबलावर मुंग्या आल्या. आधी वाटलं, डब्यातलं काही सांडलं असेल. बघते तर रांग फॉर्मच्या गठ्ठ्यातून निघालेली. दोन वस्त्यांचे फॉर्म, पिंपळमळा आणि भट्टीची वस्ती. गठ्ठा सोडला, तर मध्ये तिळगुळाचे कण चिकटलेले, आणि एका फॉर्मच्या कोपऱ्यात लाल बोट उमटलेलं. कुंकू. मग मी फॉर्म नीट वाचायला घेतले. 'पहिल्या शिफ्टला मूल कोण सांभाळतं?' या प्रश्नाला ओळीने उत्तरं: सासू. सासू. सासू, घरीच असते. सासू. इतक्या सासवा एका रांगेत मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. आणि मला आठवलं, संक्रांतीच्या सुमारास मंगलने स्टोअरमधून दोन डझन बॉलपेनं नेली होती.

मी तिला बोलावून घेतलं. तिने काही लपवलं नाही.

"व्हय ताई, हळदीकुंकू केलं. दोन्ही वस्त्यांच्या बाया एकाच मांडवात बोलावल्या, पेनं वाण म्हनून लुटली आन फॉर्म भरले. तीन गुरवार गेले, दारं बंद! किती हेलपाटं घालायचं?"

"चिठ्ठीत निघालेल्या घरांतल्याच बायका होत्या त्या?"

"न्हाई. आल्या त्यांचं भरलं. नंबर लावले चिठ्ठीतल्या घरांचे."

मी भडकले. सगळ्या ऑफिसासमोर तिला नको नको ते बोलले. चोवीस वर्षांत माझ्याकडून असा शब्द तिने ऐकला नव्हता. "तुमीच गुरवार दिला व्हता," एवढंच ती म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली. तिचं वाक्य मी ऐकलं, पण कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी एकटीच पिंपळमळ्यात गेले. पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग, आणि जवळजवळ सगळ्यांना कुलपं. चौदा नंबरची खोली तेवढी उघडी होती. आमच्या फॉर्मप्रमाणे तिथे मूल सासू सांभाळत होती. दारात मात्र नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ, तो तिच्या मानाने बराच जड.

"आई कुठेय गं?"

"कंपनीत. पहिली शिफ्ट आहे."

"आजी?"

"आजी गावाला असते. परभणीला."

"मग शाळा? आज शाळा नाही?"

"शाळा सकाळची असते," ती म्हणाली. "आईची दुसरी शिफ्ट असली की जाते मी. पहिली असली की नाही जात." शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणजे ही मुलगी एक आठवडा शाळेत आणि एक आठवडा दारात. नाव प्रज्ञा, इयत्ता चौथी. मला तिने पाणी दिलं, भावाला कडेवरून न उतरवता.

"आई घरी कधी भेटेल? गुरुवारी?"

"नाही. आईच्या कंपनीला सुट्टी रविवारी असते. इथं सगळ्यांना रविवारीच असते."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. आता हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या जुन्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. माझे वडील पिंपरीच्या कंपनीत होते. आमच्या घरात रविवार हा साधा दिवस आणि गुरुवार हा सण. त्यात गुरुवारी मटण चालत नाही, म्हणून सुट्टीचं मटण आम्ही बुधवारी खायचो, हे आमच्या पिढीचं एक मोठं दुःख. पुण्याहून नवी मुलं कामाला आली की रविवारी वस्तीत जायची आणि कुलपं बघून परत यायची. मग मी त्यांना हसून सांगायची, "अरे, इथला रविवार गुरुवारी असतो!" हे माझं ठरलेलं वाक्य. त्या वाक्याच्या भरवशावर मी मंगलला तीन गुरुवार लिहून दिले होते. या दोन वस्त्यांतल्या बायका ज्या नव्या कंपन्यांत जात, तिथे सुट्टी जगासारखी रविवारी होती, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पुण्याचं एखादं पोर गेलं असतं तर चुकूनसुद्धा बरोबर पोचलं असतं. चूक करायला माझ्यासारखी इथलीच बाई लागली.

ऑफिसात येऊन आकडेमोड केली. त्या दोन वस्त्यांचे फॉर्म एकाच मांडवात भरलेले. एकीने सासू म्हटलं की शेजारणीनेही सासू म्हणायचं. तेव्हा त्या दोघींच्या चुका हातात हात घालून चालणार. बारा आणि बारा सरळ चोवीस. त्याचा वर्ग पाचशे शहात्तर, उरलेल्या दोन वस्त्यांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी, मिळून आठशे चौसष्ट. वर्गमूळ एकोणतीसच्या थोडं वर. नव्वदातून वजा केले की साठ-एकसष्ट. पासष्टच्या खाली. माझ्याच दोरीने माझे हात बांधले. आणि हा झाला नुसता हिशेब. चिठ्ठी सोडून भरलेल्या फॉर्मना मुळात फॉर्म म्हणायचं की नाही, हा पुढचा प्रश्न.

खोटं कशाला सांगू, मोह झाला. ही गोष्ट ऑफिसबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. सहासष्टचा कागद साहेबांकडे होताच. गप्प बसले असते तर पाळणाघर उभं राहिलं असतं आणि ती पोरगी शाळेत गेली असती. खरं सांगायला गेले तर पुन्हा फॉर्म भरावे लागणार, आणि नवा आकडा पासष्टच्या खाली आला तर सगळंच संपलं. घरी पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात तेच. शेवटी मला सुचलं ते असं: आज मी एक आकडा ढकलला, तर उद्या आमच्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्या दिवशी कुठल्या तरी दुसऱ्याच प्रज्ञाचं नुकसान होईल. त्या विचाराने बरं वाटलं नाही, भीतीच वाटली. पण सकाळी साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. तिळगुळाचं ऐकून त्यांच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत. "चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. वार मी दिला होता."

"एक रविवार देतो. सोमवारी कागद टेबलावर पाहिजे."

तिथून थेट मंगलच्या घरी. ती चुलीपुढे पाठ करून बसली होती. मी माफी मागितली. ती वळली नाही.

"साहेबापुढं काय सांगितलं? चूक माझी का तुमची?"

"माझी."

"मंग ठीक हाय. चा घ्या आदी," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली. चहा घेता घेता तिने डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या. धूर नव्हता.

तो रविवार मी जन्मभर विसरणार नाही. सकाळी आठला आम्ही पाच जणी दोन वस्त्यांत शिरलो, तर काय, सगळी दारं उघडी! दोरीवर कपडे, नळावर भांडणं, केसांना पंचे बांधलेल्या बायका, मोबाइलवर मोठ्याने गाणी. आयुष्यभर कुलपांशी झगडलेल्या मला तर लग्नघरात आल्यासारखं वाटलं. चिठ्ठीतलं प्रत्येक घर आम्ही गाठलं. मंगल तर बोहारणीसारखी हाका मारत फिरत होती. या वेळी वाण नव्हतं, पण तिने पदराला उरलेली पेनं बांधून आणली होती आणि पोरांना वाटत होती. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

चौदा नंबरला रेखा भेटली, प्रज्ञाची आई. वायरिंगच्या कंपनीत लाइनवर उभी राहणारी, शिडशिडीत, बोलायला फटकळ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली प्रज्ञाची वह्यांची पिशवी. मी हळदीकुंकवाचा विषय काढला.

"आमच्यात हळदीकुंकू नसतंय, ताई," ती म्हणाली. "अन् ही पलीकडची सरू, तिचा मालक गेलाय. तिला कोन बोलवतंय? आमी दोघी बी कामावर. ज्या मांडवात बसल्या व्हत्या त्येंच्या घरी सासवा हायत, म्हनून तर त्या बसल्या ना!"

बघा! माझा सगळा अभ्यास एका वाक्यात तिने सांगितला. आम्ही वरवरचं शीत उचललं होतं.

"पहिल्या शिफ्टला मूल कोण सांभाळतं?" मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

रेखाचा फटकळपणा एकदम गेला. "लिहा, थोरली," ती म्हणाली. "पयल्या शिफ्टचा आठवडा आला ना ताई, की मी निगताना पोरीकडं बगत नाही. सरळ भायेर पडते. बगितलं तर पाय निगत नाही."

प्रज्ञा ऐकत होती. तिने विचारलं, "पाळणाघर झालं तर मी दोन्ही आठवडे शाळेत?" मला हो म्हणायचं होतं. पण तेहतीस वर्षांची सवय, म्हटलं, "बाळ, थोडं मागेपुढे आहे." ती मान हलवून आत गेली. ते उत्तर मला अजून खुपतं. कधीतरी माणसाने सरळ हो म्हणून टाकावं.

त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात सगळ्या जणी थांबल्या. फॉर्म एकेक करून मोजले. पिंपळमळा वर गेला. भट्टीची वस्ती वर गेली. मांडवात न आलेल्या बायका आता कागदावर आल्या होत्या: रेखा, सरू, आणि त्यांच्यासारख्या किती तरी. चार वस्त्या मिळून एकशे चार. चुका आता खरोखर सुट्या, प्रत्येकीचं मागेपुढे पुन्हा बाराच; दोरी चोवीस. खालचं टोक ऐंशी!

"म्हंजी झालं का न्हाई?" मंगलने विचारलं.

"झालं!" मी ओरडले. मग आम्ही पाच जणी टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत अक्षरशः नाचलो. खालून दुकानदार ओरडला, "ताई, छत पडेल!" मंगलने त्याला वरूनच सांगितलं, "पडू द्या भाऊ, आज आमचं मागंफुडं जमलं!" सोमवारी साहेबांनी स्वतः चारही वर्ग केले, वर्गमूळ काढलं आणि म्हणाले, "दोरी बरोबर भरतेय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पेढ्यांचा बॉक्सच.

एक गोष्ट मात्र राहून गेली. मंगलला मी बोलले सगळ्या ऑफिसासमोर आणि माफी मागितली तिच्या स्वयंपाकघरात. हे काही बरोबर झालं नाही. म्हणून या दिवाळी अंकात, छापून, सगळ्यांसमोर सांगते: मंगल, वार मी चुकीचा दिला होता. हळदीकुंकू मात्र तुझंच होतं, ते मी अंगावर घेणार नाही.

पाळणाघर पुढच्या वर्षी सुरू झालं. मी निवृत्त झाले, मंगल माझ्या जागी सुपरवायझर झाली. मध्यंतरी तिचा फोन आला. पाळणाघर सुरू झाल्यावर वस्त्यांत काय फरक पडला, त्याची पाहणी होती, आणि कामाच्या दिवशी घरात कोण असतं ते बघायचं असल्याने या वेळी रविवार नव्हता. "या की ताई. सवय मोडली का काय?" म्हणाली. मी लगेच पर्स उचलली.

पिंपळमळ्यात पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मंगलने चिठ्ठ्यांचा कागद पुढे धरला. योगायोग बघा, चौदा नंबर पुन्हा निघाला होता. आम्ही रांगेच्या टोकापर्यंत गेलो. दारावर चांगलं मोठं, पितळी कुलूप.

शेजारच्या सरूची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, म्हणून ती घरी होती. ती म्हणाली, "रेखाची पयली शिफ्ट हाय. बारका पाळणाघरात. प्रज्ञा शाळेत."

मंगलने पेन काढलं. "ताई, काय लिहू?"

मी पुढे झाले आणि ते कुलूप एकदा ओढून पाहिलं. घट्ट होतं.

"लिही," मी म्हटलं, "घर बंद."